रोमच्या शाळेत मागे बसलेला माणूस

आई, त्या पुस्तकाचं पुढचं पान मला सापडलं.

सातवी झाली आणि माझी शाळा सुटली, त्या उन्हाळ्यात तू आठवडी बाजारातल्या रद्दीवाल्याकडून पुस्तकांचा एक गठ्ठा आणला होतास. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा निवड कशी करणार? जाड दिसली ती उचललीस. त्यात रेल्वेचं वेळापत्रक निघालं, गुरांच्या रोगांवरचं एक पुस्तक निघालं, लोणच्यांच्या कृती निघाल्या आणि जगातल्या जुन्या लोकांविषयीचं एक पुस्तक निघालं, ज्याची मागची निम्मी पानं गेलेली होती. मी सगळं वाचलं, वेळापत्रकसुद्धा. दुपारी तू सूप घेऊन निवडायला बसायचीस आणि म्हणायचीस, मोठ्यानं वाच, मलाही कळू दे. त्या जुन्या लोकांच्या पुस्तकात शेवटी रोम नावाच्या शहरातली शाळा होती. अजून उजाडलेलं नाही, रस्त्यात अंधार आहे, एक मुलगा शाळेला निघाला आहे आणि त्याच्या पुढे कंदील घेऊन एक माणूस चालला आहे. तिथे पान संपायचं आणि पुस्तकही. तुझं सूप थांबलं. "मग? तो माणूस कोण?" मी म्हटलं, मला काय माहीत, पुढचं पानच नाही. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "बाप नसणार. बापाला कुठला वेळ." आणि पुन्हा पाखडायला लागलीस.

तो माणूस कोण, ते आता मला कळलं आहे. पण आधी मी कुठून लिहिते ते सांगायला हवं, नाहीतर तू मध्येच विचारशील.

मी सौदीत आहे, रास तनुरा नावाच्या गावी. समुद्राकाठचं गाव, एका अंगाला रिफायनरी. तुझा नातू तिथे इंजिनीअर आहे. तू गेलीस तेव्हा तो रांगत होता आणि तुझ्या वातीच्या कापसात लोळायचा, तोच. तुझे जावई गेले. चार वर्षं होतील. आजारपण फार काढलं नाही त्यांनी, हेच त्यातल्या त्यात बरं. तू त्यांना कमी बोलणारे म्हणायचीस, पण लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला नाशिकच्या वाचनालयाचं कार्ड काढून दिलं होतं आणि रोज जेवताना विचारायचे, "आज काय वाचलं?" मी सांगत बसायचे आणि भाजी गार व्हायची. अजून ताटावर बसले की आजचं काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागते आणि मग लक्षात येतं. रडत बसत नाही मी. पण ते रोज येतं, जेवणाच्या वेळेला, न चुकता. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, एकटी काय राहतेस तिथे, ये इकडे. आले. दर काही महिन्यांनी माझा व्हिसा वाढवावा लागतो, तो वाढवतो.

घरात सून आहे. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि स्वतः गाडी चालवते. आणि नात आहे, दहा वर्षांची, पाचवीतली. तिची शाळा लांब आहे, इंग्रजी माध्यमाची. पहाटेची अजान होऊन जाते, बाहेर अजून दिवे लागलेले असतात, तेव्हा तिची बस येते. तिला खाली सोडायला मी जाते. डबा आणि पाण्याची बाटली माझ्या हातात, दप्तर तिच्या पाठीवर. मात्र फाटकाच्या आत थांबायचं असा तिचा नियम आहे. बसपाशी यायचं नाही. कारण मी मोठ्यानं बोलते आणि बसमधल्या मुली हसतात. हे तिने मला सांगितलं नव्हतं, बापाला सांगितलं, इंग्रजीत, आणि त्याने मला सांगताना निम्मं गाळलं. तो तिला रागवायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे रे, माझा आवाज मोठाच आहे, तुझे बाबाही म्हणायचे.

म्हटलं खरं, पण मनाला लागलं. पोरगी वाईट नाही, आई. उद्धट तर मुळीच नाही. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चाललं होतं. दूध प्यायलीस का, येस. अभ्यास झाला का, ऑलमोस्ट. बसच्या ड्रायव्हरशी हिंदी, मैत्रिणींशी इंग्रजी, आणि माझ्याशी मान हलवणं. मला वाटायला लागलं, आपण इथे भिंतीवरच्या घड्याळासारखे आहोत, सगळ्यांना दिसतो, पण बोलत कुणी नाही. या वेळी व्हिसा वाढवू नकोस, मी नाशिकला जाते, असं मुलाला सांगायचं मी ठरवून टाकलं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

तेवढ्यात तिच्या शाळेत ते निघालं. जुन्या काळी मुलं कशी शिकायची ते वर्गापुढे करून दाखवायचं. चार-चार मुलींचे गट. कुणाला इजिप्त, कुणाला चीन, हिच्या गटाला रोम. घरातलं एक मोठं माणूस मदतीला आणायची परवानगी होती. सुनेला रजा नाही, मुलाची शिफ्ट. शिवाय रोमच्या शाळेत एक पात्र असं होतं जे चौघींपैकी कुणालाच नको होतं. सगळ्यांना छडी घेतलेला मास्तर व्हायचं होतं. हे पात्र गुलामाचं होतं. मुलाला शाळेत आणायचं, न्यायचं आणि दिवसभर वर्गात मागे बसून राहायचं. जेवताना नातीने ताटातून नजर न उचलता इंग्रजीत सुचवलं की आजी येऊ शकेल. आणि लगेच अट घातली, आजीने बोलायचं नाही. मुलगा हसायला लागला. म्हणाला, बाळा, तुझ्या आजीला बोलू नको सांगणं म्हणजे रिफायनरीला धूर काढू नको सांगणं. मी म्हटलं, मंजूर.

मग ती तिचं पुस्तक घेऊन आली आणि एक चित्र दाखवलं. अंधारा रस्ता. मुलगा. पुढे कंदील घेतलेला माणूस.

आई, माझा घास हातात राहिला. पन्नास वर्षांहून जास्त झाली त्या दुपारला आणि तो माणूस इथे, सौदीत, जेवणाच्या टेबलावर येऊन उभा राहिला. त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी मिळेल ते वाचलं. काही मोबाइलवर मराठीत, काही सुनेकडून अर्थ विचारून. ते सगळं तुला सांगते, सूप खाली ठेव.

तो माणूस बहुतेक वेळा घरचा गुलाम असायचा आणि बरेचदा ग्रीक. म्हातारा झालेला, अंगमेहनतीच्या कामाचा न राहिलेला, असाही असायचा. पहाटे मुलाला उठवायचं, तोंड धुवायला लावायचं, अंधारात कंदील धरून शाळेपर्यंत न्यायचं. शाळा म्हणजे काही इमारत नाही. बाजाराच्या कडेला दुकानांच्या पुढे एखादं कापड बांधायचं आणि त्याखाली मुलं बसायची. पलीकडे भाजीवाल्यांचा गलका आणि अलीकडे मास्तर ओरडतो आहे. मुलांच्या मांडीवर मेण भरलेली लाकडी पाटी. टोकदार काडीने तिच्यावर लिहायचं, चुकलं तर काडीच्या चपट्या टोकाने मेण सारखं करायचं. आकडे बोटांवर. छडी रोजची. काही मास्तर मात्र जरा शहाणे असावेत, ते अगदी लहान मुलांना गोड खाऊ द्यायचे, अक्षरं शिकावीत म्हणून. मुलीही जायच्या, पण फार पुढे नाही. ते वाचून मला माझी सातवी आठवली. आणि हा सगळा वेळ तो माणूस मागे बसून असायचा. मुलाचं लक्ष आहे का, नीट बसलाय का, ते बघत. घरी परतल्यावर धडा म्हणून घ्यायचा. आणखी एक. श्रीमंत रोमनांना आपल्या मुलांना ग्रीक यावं असं वाटायचं, म्हणून मूल लहानपणापासून या माणसाच्या सोबतीत राहायचं. बाहेर एक भाषा, त्याच्याशी दुसरी. हे मी नातीला वाचून दाखवलं तेव्हा ती चित्र रंगवत होती. ऐकलं असं काही वाटलं नाही.

आता तुला कळलं असेल मी हे तुला का लिहिते ते. चौथीनंतरची शाळा शेजारच्या गावात होती, मध्ये ओढा आणि वीटभट्टी. तात्या म्हणाले, पोरीला सोबत कोण करणार, पुरे झालं आता. तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, "मी जाईन." तात्यांना वाटलं दोन दिवस जाईल आणि थकेल. तू तीन वर्षं गेलीस. पहाटे उठून सगळं आवरून, भाकऱ्या बांधून, माझ्या पुढे चालत. ओढ्याला पाणी असलं की दप्तर तुझ्या डोक्यावर. गावातल्या बायका चेष्टा करायच्या, शाळेत आई जाते आणि पोरगी सोबतीला जाते. तू म्हणायचीस, हो ना, यंदा पहिला नंबर माझाच. आधी तू शाळेच्या ओट्यावर बसायचीस, वाती वळत. ऊन वाढलं तसं गुरुजींनी तुला आत बोलावलं आणि तू मागच्या भिंतीशी, पाण्याच्या माठाशेजारी बसायला लागलीस. तिथून तुझा तो खोकला. माझी नजर खिडकीकडे गेली की एक. शेजारणीशी कुजबुजले की एक. तोंड मिटून, आखूड, कोरडा. वर्गातली सगळी पोरं त्या खोकल्याला ओळखायला लागली आणि आपापली सरळ बसायला लागली. एकदा गुरुजी चिडले. म्हणाले, बाई, वर्ग माझ्या शिकवण्यावर चालतो की तुमच्या खोकल्यावर? तू ओशाळलीस. पुढचे दोन दिवस तोंडात पदर धरून बसलीस. तिसऱ्या दिवशी पोरांनी इतका गोंधळ घातला की गुरुजींनी फळ्याकडून वळून बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "बाई, जरा खोका." मी अजून हसते, आई. आत्ताही लिहिता लिहिता हसले.

तर आमची तयारी सुरू झाली. मेणाच्या पाट्या मी केल्या. मिठाईच्या खोक्यांची झाकणं घेतली, मेणबत्त्या वितळवून ओतल्या, लिहायला विणायच्या सुया. चार पाट्या सुरेख जमल्या. विसरायला नको म्हणून मुलाने त्या आदल्या दिवशीच गाडीत मागच्या सीटवर नेऊन ठेवल्या. दुपारी इथे गाडीचं दार धरलं तरी हात भाजतो. संध्याकाळी बघतो तर झाकणं कोरडी आणि सगळं मेण सीटमध्ये. सून कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "दिवसभर तिकडे टाक्यांचं तापमान सांभाळतोस ना?" तो बिचारा जुन्या बँक कार्डाने सीट खरवडत होता. नातीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, मेणबत्त्या आहेत अजून, चल. पुन्हा ओतल्या आणि या खेपेला बर्फाच्या पिशवीत घालून शाळेत नेल्या, दुधासारख्या.

खाऊसाठी शंकरपाळ्यांचं पीठ मळलं आणि त्याची अक्षरं कापली. नातीने बजावलं, रोमची अक्षरं हवीत. म्हणजे तिची इंग्रजीतलीच की. ती केली. उरलेल्या पिठाची आपली केली. तळणीत पडल्यावर सगळी फुगली, ओळखू येईनात. ती ओट्याशी उभी राहून एकेक उचलून विचारत होती, हे कोणतं, आणि मी सांगितलं की तोंडात टाकत होती. विचारत होती इंग्रजीतच, पण विचारत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी साडीवरून सुनेची पांढरी ओढणी पिना लावून घेतली, वर अबाया, म्हणजे इथल्या बायका घालतात तो काळा झगा, आणि हातात रमझानमध्ये दुकानात मिळतो तसला फानूस. बॅटरीचा, पण कंदिलासारखा. वर्गाच्या दाराशी मी पुढे आणि ती मागे, अगदी चित्रातल्यासारखे आत गेलो. मग मी मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसले. आई, शेजारी पाण्याचा कूलर होता. माठ नाही, पण पाणीच.

सांगायचं काम नातीकडे होतं. छान सुरू केलं तिने. पहाट सांगितली, बाजार सांगितला, मेणाच्या पाट्या फिरवल्या. मास्तर झालेल्या मुलीने पट्टी आपटून हशा पिकवला. आणि मग ती थांबली. पुढचं वाक्य गेलं. चेहरा एकदम तिच्या बापाच्या लहानपणासारखा झाला, ओठ आत ओढलेले. टीचर केरळच्या, भल्या बाई, थांबून राहिल्या. मुली एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. मला पुढचं वाक्य माहीत होतं, पण बोलायचं नाही ही अट होती आणि मी ती पाळणार होते. माझा खरोखर काही विचार नव्हता, आई. खोकला आपोआप आला. तोंड मिटून, आखूड, कोरडा. माझा नव्हताच तो, तुझा होता.

तिने वळून बघितलं. सगळ्या वर्गासमोर, चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "आजी, पुढे काय?"

मराठीत.

मी म्हटलं, "पुढे तो कंदीलवाला. तो मुलाशी काय बोलायचा ते सांग." टीचरनी तिला इंग्रजीत विचारलं, ही कोणती भाषा? तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ग्रीक, टीचर." मुली खो-खो हसल्या. ती हसली नाही. तिने इंग्रजीत नीट समजावून सांगितलं, की रोमचं मूल बाहेर एक भाषा बोलायचं आणि या माणसाबरोबर दुसरी, आणि आमच्या घरी ती दुसरी भाषा आजीकडे आहे. म्हणजे चित्र रंगवताना तिने ऐकलं होतं, सगळं. टीचरना गंमत वाटली. त्या मला म्हणाल्या, अजून थोडं ग्रीक बोला. मी नातीकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे अट उठली. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "शंकरपाळे सगळ्यांना आहेत, पण आधी अक्षर ओळखायचं." नात त्याचं इंग्रजी करायला तोंड उघडते तोच मधल्या बाकावरची एक मुलगी उठून डब्याशी पोचलीसुद्धा. रत्नागिरीकडची निघाली. तिच्या घरीही ग्रीक बोलतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नियमाप्रमाणे फाटकाच्या आत थांबले. ती बसपर्यंत गेली, पायरीवर चढली आणि तिथून ओरडली, "आजी, बाटली!" साऱ्या बसने ऐकलं. बाटली माझ्याच हातात होती. मी फाटकाबाहेर गेले, बसपाशी जाऊन ती दिली. माझा आवाज कुणावर गेलाय ते तुला माहीत आहे. तिचा कुणावर गेलाय तेही आता कळलं. आमचं बोलणं एका दिवसात पालटलं असं नाही, अजून निम्मं इंग्रजीच असतं. पण संध्याकाळी मुलाने व्हिसाचं विचारलं, तेव्हा जुळवून ठेवलेले शब्द मी काढलेच नाहीत. वाढव म्हटलं.

त्या माणसाविषयी एक राहिलं. शिकून मोठी झालेली काही मुलं त्याला गुलामीतून सोडवायची, आणि तो गेल्यावर कुणी त्याच्या नावाचा दगड लावायचं. बरं वाटलं वाचून. पण त्याला कुणी विचारून पाठवलं नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती त्याला. तू आपणहून निघालीस, चुलीपुढून, मान वर न करता. तुझ्या नावाचा दगड कुठे नाही. मी ही एवढी पानं लिहिली आहेत.

ती पाठवायची कुठे, हा प्रश्नच नाही, आणि पाठवली तरी तुला वाचता यायची नाहीत. म्हणून आज दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, मी ती स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली, तू सांगायचीस तशी. तात्यांना तू "मी जाईन" म्हणालीस तिथपर्यंत आले आणि थांबले. बराच वेळ थांबले असेन. तर बाहेरच्या खोलीतून खोकला आला, आखूड, कोरडा. पोरगी कधी शाळेतून येऊन दाराआड बसली होती कोण जाणे. मी पुढे वाचायला लागले. तुला म्हणून सांगते, तिची चाहूल मला आधीच लागली होती. थांबले ते मुद्दाम.